तहकुबी आणि सूट : थकलेल्या घरभाड्याचा हिशेब

(ब्राह्मणपुरी, ता. शहादा, जि. नंदुरबार येथील व्याख्यानाचे शब्दांकन)



घरमालक हा शब्द कानावर पडला की मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर एक ठरावीक आकृती उभी राहते. चाळीच्या जिन्यात उभा असलेला, पहिल्या तारखेला दार ठोठावणारा, खाष्ट चेहऱ्याचा गृहस्थ. ही आकृती नाटक-सिनेमाने घडवली आणि मुंबईच्या चाळींनी तिला काही काळ आधारही दिला. परंतु ब्राह्मणपुरीसारख्या गावात किंवा शहाद्यासारख्या तालुक्याच्या ठिकाणी जो घरमालक असतो त्याचे या आकृतीशी फारसे नाते नाही. निवृत्तीच्या वेळी हाती आलेल्या रकमेतून राहत्या घराला लागून दोन खोल्या काढायच्या, रस्त्याकडच्या बाजूला एक गाळा बांधायचा आणि त्याच्या भाड्यात म्हातारपणीचे औषधपाणी भागवायचे, एवढाच त्याच्या मालकीचा पसारा. भाडेकरूही तितकाच साधा. कोणी बाहेरगावहून आलेला शिक्षक, कोणी केळी-पपईच्या मळ्यांवर मजुरीला जाणारे कुटुंब, कोणी शिंपी, कोणी केशकर्तनालय चालवणारा. या दोघांमध्ये श्रीमंत-गरीब अशी रेघ ओढायला गेले तर ती कुठे ओढावी, हाच प्रश्न पडतो.

या दोघांच्या मध्ये 2020 साली सरकार येऊन उभे राहिले. ते का आले हे समजण्यासारखे आहे. कसे आले, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे.

घटनाक्रम थोडक्यात असा. 25 मार्च 2020 पासून देशभर टाळेबंदी लागू झाली. 29 मार्चला केंद्रीय गृह मंत्रालयाने आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, 2005 अन्वये आदेश काढला. भाड्याच्या जागेत राहणाऱ्या कामगारांकडून, स्थलांतरित मजुरांसह, एक महिना भाडे मागू नये आणि मजूर किंवा विद्यार्थी यांना घर सोडण्यास भाग पाडणाऱ्या मालकावर कारवाई व्हावी, असे त्यात म्हटले होते. त्यानंतर 17 एप्रिलला महाराष्ट्राच्या गृहनिर्माण विभागाने घरमालकांना सूचना दिली की भाडेवसुली किमान तीन महिने लांबणीवर टाकावी आणि या काळात भाडे थकले म्हणून कोणालाही घराबाहेर काढू नये. मुंबई उच्च न्यायालयानेही मार्च 2020 पासून जागा रिकामी करण्याच्या आदेशांची अंमलबजावणी वेळोवेळी रोखून धरली. केंद्राचा 29 मार्चचा आदेश 18 मे 2020 पासून संपुष्टात आला. राज्याची सूचना मात्र लोकांच्या मनात पुष्कळ काळ रेंगाळली, आणि रेंगाळताना तिचा अर्थ बदलत गेला.

तो अर्थ कसा बदलला हे पाहण्यासारखे आहे. सूचनेत शब्द होता लांबणीवर टाकण्याचा. गावोगाव तो पोहोचला तेव्हा त्याचे ‘सरकारने भाडे माफ केले’ असे झाले. दूरचित्रवाणीच्या पडद्यावर एका ओळीत धावणाऱ्या बातमीचा हा गुण म्हणावा लागेल. मालकाला वाटले आपले पैसे बुडाले, भाडेकरूला वाटले आपण सुटलो. प्रत्यक्षात दोघांचीही समजूत चुकीची होती. भाड्याचा एक रुपयाही कोणी माफ केला नव्हता आणि तसे करण्याचा अधिकार त्या सूचनेत नव्हताही.

खानदेशच्या शेतकऱ्याला हा फरक खरे तर कोणी शिकवण्याची गरज नाही. दुष्काळाच्या वर्षी शेतसाऱ्याचे काय होते, यासाठी आपल्या महसुली भाषेत दोन वेगळे शब्द पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहेत. एक तहकुबी आणि दुसरा सूट. तहकुबी म्हणजे आज नको, पीक आल्यावर दे. सूट म्हणजे देऊच नको. आणेवारी पाहून सरकार ठरवी की कुठे तहकुबी द्यायची आणि कुठे सूट. घरातल्या वृद्धांना हे दोन शब्द विचारून पाहावेत, ते क्षणात फरक सांगतील.

याच विषयाला जोडून एक कलम आहे आणि त्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, 1948 हा कायदा तेव्हाच्या पश्चिम खानदेशाला, म्हणजे आजच्या नंदुरबार आणि धुळे जिल्ह्यांना लागू झाला. कुळकायदा म्हटला की 1 एप्रिल 1957 चा कृषक दिन आठवतो, कोणाच्या जमिनी गेल्या आणि कोणाला मिळाल्या हे आठवते, आणि त्या आठवणी अनेक घरांत आजही दुखऱ्या आहेत. पण या कायद्याचे तेरावे कलम वेगळ्याच गोष्टीविषयी आहे. सरकारने एखाद्या जमिनीचा सारा तहकूब केला तर जमीनमालकानेही कुळाकडून घ्यायचा खंड त्या प्रमाणात तहकूब करावा, आणि सरकारने साऱ्यात सूट दिली तर मालकानेही खंडात सूट द्यावी, असा त्याचा आशय आहे.

या कलमातला क्रम ध्यानात घ्यावा. आधी सरकार आपले येणे थांबवते किंवा सोडते, मग मालकाला सांगते की तूही थांब, तूही सोड. राजा स्वतःच्या कोठारातले आधी कमी करतो आणि नंतरच दुसऱ्याच्या कोठाराकडे बोट दाखवतो. कुळकायद्याविषयी कोणाचे काहीही मत असो, या एका कलमात न्यायाचा एक तराजू होता हे मान्य करावे लागेल.

2020 च्या सूचनेत हा तराजू कुठे होता? घरभाडे तीन महिने थांबवा असे सांगणाऱ्या त्या कागदात मालकाच्या घरपट्टीविषयी, पाणीपट्टीविषयी, वीजबिलाविषयी, घर बांधताना काढलेल्या कर्जाविषयी एक ओळही नव्हती. कर्जाचा विचार दुसरीकडे झाला, हे खरे. रिझर्व्ह बँकेने 27 मार्च 2020 ला कर्जाच्या हप्त्यांना तीन महिन्यांची सवलत दिली आणि पुढे ती 31 ऑगस्टपर्यंत वाढवली. पण ती सवलत कशी होती ते पाहावे. हप्ता थांबला तरी व्याज चालूच राहिले. त्या व्याजावरील व्याजाचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला तेव्हा केंद्र सरकारने ऑक्टोबर 2020 मध्ये योजना आणली आणि दोन कोटींपर्यंतच्या कर्जांवरील चक्रवाढ व साध्या व्याजातील फरक स्वतःच्या तिजोरीतून भरला. म्हणजे बँकेला थांबायला सांगितले तेव्हा बँकेचे व्याज सुरक्षित राहिले, आणि कर्जदाराला दिलासा देण्याची वेळ आली तेव्हा तो भार शासनाने उचलला. घरमालकाला थांबायला सांगितले तेव्हा त्याच्या थांबण्याचे मोल कोणी विचारले नाही.

आता एक कल्पित उदाहरण घेऊ. एस.टी.तून निवृत्त झालेले एक गृहस्थ आहेत, त्यांना सारे नाना म्हणतात. भविष्यनिर्वाह निधीच्या 1995 च्या योजनेतून मिळणारे निवृत्तिवेतन किती तुटपुंजे असते हे एस.टी.च्या कोणत्याही घरात विचारावे. 2014 पासून त्या योजनेचे किमान निवृत्तिवेतन महिना 1,000 रुपये ठरले, यावरून कल्पना यावी. नानांची खरी मिळकत म्हणजे एक खोली 2,000 रुपयांना आणि रस्त्यावरचा गाळा 2,500 रुपयांना. खोलीत मजूर कुटुंब, गाळ्यात केशकर्तनालय. टाळेबंदी लागली आणि दोन्हीकडचे भाडे एकदम थांबले. केशकर्तनालयाच्या शटरला महाराष्ट्रात 28 जूनपर्यंत कुलूप होते, तेव्हा त्या तरुणाने भाडे कोठून द्यावे? ‘नाना, दुकान उघडू द्या, मग बघू,’ असे तो ओट्याखाली उभा राहून म्हणतो आणि नानाही मान हलवतात. त्याच्या वडिलांनी नानांच्या मुलाचे जावळ काढलेले असते. अशा माणसाला नोटीस पाठवायची कशी?

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. केंद्राचा आदेश मजूर आणि विद्यार्थी यांच्यापुरता होता, राज्याची सूचना घरांच्या भाड्याविषयी होती. गाळेवाला कारागीर यांपैकी कशातच बसत नव्हता. ज्याचा धंदा सरकारी आदेशाने पूर्ण तीन महिने बंद ठेवला, त्याच्या भाड्याचा विचार कोणत्याच कागदाने केला नाही. तो केला असेल तर नानांसारख्यांनी, ओट्यावर बसून.

जुलै उजाडला. तीन महिन्यांचे थकलेले गाळाभाडे 7,500 आणि चालू महिन्याचे 2,500, एकूण 10,000 रुपये. नुकत्याच उघडलेल्या, अर्ध्या गिऱ्हाइकावर चाललेल्या दुकानातून एवढी रक्कम एकदम उभी राहणे अशक्य. तहकुबीची खरी अडचण हीच असते. ती संकटाच्या काळात माणसाला वाचवते आणि संकट सरल्याच्या पहिल्या दिवशी साऱ्या ओझ्यासह दारात उभी राहते. शेतसाऱ्याची तहकुबी देणाऱ्या जुन्या महसुली व्यवस्थेला हे ठाऊक होते, म्हणून पुढील पिकाची आणेवारी पाहून वसुली ठरवण्याची पद्धत होती. 2020 च्या सूचनेत चौथ्या महिन्याचे काय, याचे उत्तर नव्हते.

नानांनी न्यायालयात जायचे ठरवले असते तर? महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 जिथे लागू आहे तिथे थकबाकीसाठी आधी लेखी नोटीस द्यावी लागते आणि नव्वद दिवस थांबावे लागते. मग दावा. दाव्याचे समन्स मिळाल्यापासून नव्वद दिवसांच्या आत भाडेकरूने सारी थकबाकी दरसाल 15 टक्के साध्या व्याजासह आणि खर्चासह न्यायालयात भरली व पुढे नियमित भरत राहिला, तर थकबाकीच्या कारणावरून त्याला काढता येत नाही. ही तरतूद वाईट नाही. पैसे देण्याची तयारी असलेल्या माणसाचे छप्पर जाऊ नये, हा तिचा हेतू उचितच आहे. ज्या खेड्यांना हा कायदा लागू नाही तिथे 1882 चा मालमत्ता हस्तांतरण अधिनियम चालतो. त्यात दरमहा भाडेपट्ट्यासाठी पंधरा दिवसांची नोटीस पुरते, पण थकबाकी भरणाऱ्या भाडेकरूला भाडेपट्टा वाचवण्याची संधी देण्याचा अधिकार न्यायालयाला तिथेही आहे. म्हणजे कायद्याने भाडेकरूच्या छपराची काळजी महामारीच्या आधीपासूनच घेतलेली होती. ‘स्थगिती नसती तर लाखो लोक रस्त्यावर आले असते’ असे म्हणताना हे विसरले जाते.

मात्र नानांचा खरा अडथळा वेगळाच आहे. त्यांच्याकडे कागद नाही. भाडे नियंत्रण अधिनियमाच्या 55 व्या कलमाने करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे. तो नोंदवण्याची जबाबदारी मालकाची, न नोंदवल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड, आणि कागदाअभावी वाद झाला तर अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते, जोवर उलट सिद्ध होत नाही. आपल्याकडे मुद्रांकावर चार ओळी लिहिल्या की काम झाले असे समजतात, कित्येक ठिकाणी तेही नसते. शब्दावर व्यवहार चालतो, ही आपल्या गावांची थोरवीच. पण शब्दावर चाललेल्या व्यवहारात सरकार किंवा न्यायालय शिरले की शब्द मुका होतो.

प्राप्तिकराच्या नियमांतही असाच एक विनोद दडलेला होता. न मिळालेले भाडे उत्पन्नातून वजा करायचे असेल तर तेव्हाच्या चौथ्या नियमाप्रमाणे मालकाने दाखवायचे की भाडेकरू जागा सोडून गेला आहे किंवा त्याला काढण्यासाठी पावले उचलली आहेत. एक खाते म्हणते काढू नका, दुसरे म्हणते काढण्याचा प्रयत्न केल्याचा पुरावा आणा.

घरमालकांच्या मनातील भीतीला इतिहासाचाही आधार आहे. 1947 चा मुंबई भाडे नियंत्रण कायदा युद्धोत्तर टंचाईवरचा तात्पुरता उपाय म्हणून आला. त्याने भाडी सप्टेंबर 1940 च्या पातळीवर गोठवली आणि मुदतवाढ घेत घेत तो अर्धशतक जगला. दुरुस्तीला पैसा उरला नाही, मुंबईच्या इमारती खचत गेल्या, आणि 1969 मध्ये दुरुस्तीसाठी स्वतंत्र मंडळ उभारण्याची वेळ शासनावर आली. अखेर डिसेंबर 1997 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की गोठवलेल्या भाड्याच्या त्या तरतुदी काळाच्या ओघात अवाजवी ठरल्या आहेत. नवा कायदा 31 मार्च 2000 पासून लागू झाला. ‘तात्पुरते’ या शब्दाची ज्याने अशी पन्नास वर्षे पाहिली, तो ‘किमान तीन महिने’ ऐकून धास्तावला तर त्याला कृपण म्हणता येत नाही.

जगात इतरत्र काय झाले? अमेरिकेत सप्टेंबर 2020 मध्ये केंद्रीय आरोग्य यंत्रणेने भाडेकरूंना काढण्यास देशव्यापी मनाई केली. ऑगस्ट 2021 मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द ठरवली, कारण असा अधिकार त्या यंत्रणेला संसदेने दिलेला नव्हता. पण मनाई चालू असतानाच तेथील संसदेने थकलेल्या भाड्यासाठी दोन टप्प्यांत सुमारे 46 अब्ज डॉलर मंजूर केले, म्हणजे मालकाचे येणे सरकारी निधीतून भागवण्याची सोय झाली. वाटप अतिशय मंद होते, त्यावर तिथे टीकाही पुष्कळ झाली. तरी तत्त्व तेच, आपल्या तेराव्या कलमाचे : थांबायला सांगणाऱ्याने भार उचलायचा. अनेक मराठी कुटुंबे जिथे स्थिरावली आहेत त्या न्यू जर्सी राज्यात एप्रिल 2020 मध्ये आणखी एक साधी सोय झाली. भाडेकरूने ठेवलेली अनामत रक्कम भाड्यापोटी वळती करण्याची मुभा राज्यपालांनी दिली. ना तिजोरीवर बोजा, ना मालकाचे नुकसान. आपल्याकडे ही गोष्ट कोणाला सुचली असेलही, आदेशात मात्र उतरली नाही.

दिल्लीत तर निराळाच प्रकार घडला. 29 मार्च 2020 ला तेथील मुख्यमंत्र्यांनी पत्रकार परिषदेत जाहीर केले की गरीब भाडेकरूला भाडे देणे शक्य नसेल तर सरकार देईल. पुढे पैसे आले नाहीत, लोक न्यायालयात गेले. जुलै 2021 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या एकलपीठाने म्हटले की मुख्यमंत्र्यांनी दिलेले असे आश्वासन वाऱ्यावर सोडता येत नाही, सरकारने त्यावर निर्णय घ्यावा. दिल्ली सरकार त्याविरुद्ध अपिलात गेले आणि सप्टेंबर 2021 मध्ये खंडपीठाने त्या निर्णयाला स्थगिती दिली. दिलेले वचन आपल्याला बांधत नाही, असे सांगायला सरकारने स्वतःच न्यायालयात जावे, याहून बोलके काही नसावे. त्याच उच्च न्यायालयाने मे 2020 मध्ये खान मार्केटमधील एका दुकानाच्या प्रकरणात टाळेबंदीच्या कारणास्तव भाडे थांबवण्याची मागणी फेटाळली, मात्र भरण्याच्या तारखा थोड्या पुढे ढकलून दिल्या. तहकुबी दिली, सूट नाकारली. वेगळे शब्द, विचार तोच.

हा विचार या भूमीला नवा नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात तिसऱ्या अधिकरणात घरभाड्याचे नियम आहेत. राहू नको असे सांगितल्यावरही जो राहतो त्याला दंड, आणि भाडे देणाऱ्याला जो बाहेर काढतो त्या मालकालाही तेवढाच दंड. दोघांनाही बारा पण. भाडेकरूने मारहाण, चोरी असे काही केले असेल तर गोष्ट वेगळी. स्वतःहून मध्येच सोडून जाणाऱ्याने वर्षाचे उरलेले भाडे द्यावे. इतक्या जुन्या काळी दोन्ही पारड्यांत सारखे वजन टाकण्याची दृष्टी होती.

2020 मध्ये ती दृष्टी शासनाच्या कागदात कमी आणि गावांच्या ओट्यांवर अधिक दिसली. अर्धे आता, अर्धे पिकावर. चालू भाडे नियमित आणि मागचे महिन्याला पाचशे. अनामत वळती करून पुन्हा हळूहळू भरणे. अशा तडजोडी करायला कोणाचे परिपत्रक लागत नाही. ज्यांनी त्या वेळीच दोन ओळी लिहून दोघांच्या सह्या घेतल्या त्यांचे व्यवहार निभावले. जे केवळ मान हलवून राहिले त्यांचे येणे लोंबकळले.

त्या लोंबकळलेल्या येण्याचे आज काय? थकलेल्या भाड्याच्या दाव्याची मुदत तीन वर्षांची. महामारीमुळे सर्वोच्च न्यायालयाने 15 मार्च 2020 ते 28 फेब्रुवारी 2022 हा काळ मुदतीच्या गणनेतून वगळला. त्यामुळे एप्रिल ते जून 2020 च्या भाड्यासाठी मुदत 1 मार्च 2022 पासून मोजायची, आणि ती फेब्रुवारी 2025 अखेर संपली. मुदतीच्या आत भाडेकरूने लेखी कबुली दिली असेल तर तिथून नवी तीन वर्षे मिळतात. मुदत गेल्यावर मात्र नुसती ‘एवढे येणे आहे’ अशी कबुली उपयोगाची नाही. तरीही एक वाट खुली राहते. भारतीय करार अधिनियमाच्या 25 व्या कलमानुसार, मुदतबाह्य झालेले देणे फेडण्याचे वचन देणाऱ्याने स्वतः लिहून सही करून दिले तर ते वचन कायद्याने बंधनकारक होते. कागदावर रक्कम असावी, ती कोणत्या महिन्यांची हे असावे, आणि ‘देणे आहे’ इतकेच न लिहिता ‘मी देईन’ हे शब्द असावेत. केशकर्तनालयाच्या त्या तरुणाला 7,500 रुपये फेडायचे असतील आणि नानांना ते घ्यायचे असतील, तर एवढा एक कागद आजही पुरेसा आहे.